शिक्षा संपते, मग काय?

कारागृहाचे दार उघडते त्या क्षणी कायद्याच्या लेखी शिक्षा संपते. बाजाराच्या लेखी ती तेथून सुरू होते. सुटलेल्या माणसाला कोणी काम देत नाही, कोणी उधार देत नाही. स्वागताला उभी असते ती जुनी संगत. म्हणून सुटकेची तयारी शिक्षेच्या काळातच व्हावयास हवी.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत स्थापिली. तेथे कैदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामागील प्रेरणा हीच. पुढे २०२२ साली राज्य सहकारी बँकेने येरवड्यातील कैद्यांना, कारागृहातील मजुरीच्या भरवशावर, कुटुंबाच्या गरजांसाठी ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज देण्याची योजना आखली.

गुन्ह्याने पोळलेल्यांना हे औदार्य अनाठायी वाटेल. त्यांचे दुःख खरेच आहे. परंतु बेकार, निराधार माणूस समाजात सोडण्यात त्यांचे तरी कोणते हित? हाताला कसब, गाठीशी शिल्लक आणि घराशी टिकलेले नाते, एवढी शिदोरी प्रत्येक कैद्याला मिळते की नाही, हे शासनाने पाहावे. कारखानदारांनी, दुकानदारांनी आपले दार किलकिले तरी करावे.