कच्च्या लिंबाचे विज्ञान

गडी वाटून घ्यायची जुनी रीत अशी: तोडीस तोड असलेले दोघे खांद्यावर हात टाकून बाजूला जातात, गुपचूप नावे ठरवतात आणि कप्तानांपुढे येऊन विचारतात, ‘चंद्र हवा की सूर्य?’ कप्तान काहीही मागो, बरोबरीचे दोघे दोन बाजूंना जाणार हे ठरलेलेच. एखादा लहानगा उरला तर तो कच्चा लिंबू, म्हणजे खेळणार, पण आऊट न होणारा. गडी विषम झाले तर एक जण ‘कॉमन’, दोन्हीकडून खेळणारा. चेंडू कुंपणापलीकडे गेला की आऊट. त्यात शेजाऱ्यांच्या काचा वाचतात आणि आडदांड फलंदाजालाही लगाम बसतो.

हे नियम कुठल्या क्रीडा मंडळाने केलेले नाहीत. तरी सगळ्यांचा रोख एकच: निकाल लवकर कळू नये.

या अनिश्चिततेची ओढ मेंदूतही सापडते. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये माकडांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पडद्यावर एक खूण दिसे आणि थोड्या वेळाने पेयाचा घोट मिळे किंवा न मिळे. मधल्या प्रतीक्षेत डोपामिन सोडणाऱ्या पेशींची हालचाल सर्वाधिक केव्हा होती? घोट हमखास मिळणार होता तेव्हा नव्हे, तर शक्यता निम्मी-निम्मी होती तेव्हा. माकडाच्या घोटावरून थेट शेवटच्या षटकावर उडी मारणे धाडसाचे आहे, हे मान्य. पण उंदरांची लुटुपुटूची कुस्तीही याच दिशेला बोट दाखवते. कॅनडातले सर्जिओ पेलिस यांनी ती वर्षानुवर्षे न्याहाळली. हल्ला करणारा उंदीर पुरता जोर लावत नाही, समोरच्याला उलटायला वाव ठेवतो. तो वाव गेला की खेळाची मारामारी होते.

म्हणजे चुरस ही मजेची वैरीण नाही. बिघडते ते दडपणामुळे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. काहींना सांगितले, शेजारच्याला हरवा. काहींना, जमेल तितक्या लवकर सोडवा. नंतरच्या मोकळ्या वेळात, कुणी सांगितलेले नसताना, पहिल्या गटाने कोड्यांना कमी वेळ दिला. 1996 मध्ये जॉनमार्शल रीव्ह यांच्यासोबत डेसींनी आणखी फोड केली: जिंकल्याने गोडी वाढते, ‘जिंकलेच पाहिजे’ या धाकाने ती आटते. सीमारेषेवरून पोरावर ओरडणाऱ्या पालकांनी हा शोधनिबंध जरूर वाचावा.

आता सोसायटीची बॉक्स क्रिकेट स्पर्धा घ्या. आठ संघ, बाद पद्धत, सात सामने. चार संघ पहिल्याच सामन्यानंतर रिकामे, आणि ते बहुधा नवख्यांचेच, म्हणजे ज्यांना खेळाची चटक लागायला हवी त्यांचेच! बुद्धिबळवाल्यांनी यावर 1895 सालीच झुरिकमध्ये तोड काढली, ती स्विस पद्धत. यात बाद कुणीच होत नाही. दर फेरीत समान गुणांचे एकमेकांशी भिडतात. हरलेल्याची गाठ हरलेल्याशी पडते, त्यामुळे पुढचा सामना बरोबरीचा होण्याची शक्यता वाढते. आठ संघांना तीन फेऱ्या पुरतात. सामने बारा होतात, बरोबरी टाळली तर तिन्ही जिंकणारा संघ एकच उरतो आणि प्रत्येक संघाला तीनदा खेळायला मिळते. टर्फचे भाडे तेवढे पाच सामन्यांचे जास्त पडेल.