पेशीचा हिशेब

जिवंत पेशीत काय घडते ते प्रयोगशाळेत पाहता येते, मोजताही येते. मग त्याला गणित आणि संगणक हवेत कशाला? हा प्रश्न पेशींवर प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञांनाही पडतो. त्याचे उत्तर आपण आधी विहिरीवर शोधू.

झऱ्यांनी तासाला किती पाणी येते आणि पंप किती उपसतो हे ठाऊक असले, की विहीर केव्हा तळाला जाईल ते कागदावर काढता येते. हिशेब जुळला तर ठीकच. पण विहीर दोन तास आधीच आटली तर? मग कुठेतरी पाझर आहे, आणि तो आपल्याला ठाऊक नव्हता. हिशेब मांडला नसता, तर हे लक्षातही आलं नसतं. पेशीचे गणिती प्रतिरूप म्हणतात ते असेच असते. आत काय येते, बाहेर काय जाते आणि किती वेगाने, याचा तो हिशेब.

आता घडलेले उदाहरण घ्या. कोकण किनाऱ्यावर माकूल मिळतो, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. इंग्लंडच्या समुद्रातल्या त्याच्या भाईबंदाच्या अंगात एक मज्जातंतू असतो, तो सुमारे अर्धा मिलिमीटर जाड. एवढ्या तंतूच्या आत बारीक तार घालता येते. ॲलन हॉजकिन आणि अँड्रू हक्सली यांनी १९४९ च्या उन्हाळ्यात प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत अशा तारा घालून विजेचे प्रवाह मोजले. संदेश जाताना सोडियमचे भारित कण आधी आत शिरतात, आणि मागाहून पोटॅशियमचे बाहेर पडतात. या मापांवरून त्यांनी समीकरणे बसवली.

पण ती सोडवायची कशी? केंब्रिजचा संगणक तेव्हा काही महिने बंद होता. मग हक्सलींनी हाताने दांडा फिरवायच्या गणनयंत्रावर आकडेमोड केली. तीनेक आठवडे लागले. उत्तर निघाले, की संदेश सेकंदाला १८.८ मीटर वेगाने जावा. प्रत्यक्ष मोजलेला वेग भरला २१.२ मीटर. हा मोजलेला वेग त्यांनी समीकरणांत घातलाच नव्हता, म्हणून या जवळिकीला मोल आहे. हे काम १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १९६३ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र हिशेब जुळला म्हणजे आपली कल्पना सिद्ध झाली, असे समजू नका. तसा इशारा या दोघांनी स्वतःच दिला होता. चार भाग एकदम जागेवर आले तरच पोटॅशियमची वाट उघडते, असे त्यांनी धरले होते. खरे काय, ते प्रयोगानेच ठरायचे. १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने एका जिवाणूतल्या पोटॅशियमच्या वाटेची रचना उलगडली. ती चार सारख्या घटकांची निघाली.

आज हीच आकडेमोड साधा संगणक क्षणात करतो. पण काय आत येते, काय बाहेर जाते, हे आधी मांडायचे काम प्रयोग करणाऱ्याचेच. ते मांडताना आपल्याला काय मोजायचे राहिले, तेही त्याला कळते.

शिक्षकमंडळींनी हे वर्गात करून पाहावे. मुलांकडून आधी गणित सोडवून घ्या, मग त्यांना विहिरीवर न्या. उत्तरात फरक पडला, तर चूक म्हणून लगेच खोडू नका. तो कुठून आला असेल, ते त्यांनाच शोधू द्या.