मक्याची खालची पाने पिवळी का पडतात?

आमचे शेत दीपनगरजवळ आहे. यंदा फार पाऊस झाला. मक्याची खालची पाने शेंड्याकडून मधल्या शिरेने पिवळी पडली. आजी म्हणे, "रोग पडला!" बाबा काळजीत पडले. मी एक पान शाळेत नेले. गुरुजी म्हणाले, "रोग नाही रे, नत्र कमी पडले."

हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण मक्याला ते घेता येत नाही. तो मुळांनी जमिनीतले घेतो. पावसाने ते वाहून जाते. मग मका जुन्या पानांतले नत्र कोवळ्या पानांना देतो. आईच जणू!

युरियात ४६ टक्के नत्र असते. तो एकदम न देता थोडा थोडा द्यावा. बाबांनी वाफसा आल्यावर दिला. नवी पाने हिरवीगार आली, पिवळी मात्र गेली. म्हणून मित्रांनो, खालचे पान रोज पाहा!