शूटिंगच्या जंगलात खरा बिबट्या

रात्री जेवताना मालिका लावली की पडद्यावर हिरवीगार झाडी दिसते, मागे डोंगर दिसतो. इथे म्हैसूरला, कुवेंपुनगरात बसून बघताना वाटतं, कुठल्या तरी लांबच्या जंगलात केलंय शूटिंग! तुम्हालाही असंच वाटतं का? खरं तर यातल्या कितीतरी मालिका मुंबईतच, गोरेगावच्या चित्रनगरीत तयार होतात. १९७७ साली राज्य सरकारने उभारलेल्या या चित्रनगरीला लागूनच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे.

समुद्राकाठच्या एवढ्या गजबजलेल्या शहरात सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल! उत्तरेला ते वसईच्या खाडीपर्यंत पोचतं. मुंबईला पाणी देणारे तुळशी आणि विहार तलाव इथेच आहेत, कान्हेरीची लेणीही इथेच. आणि इथे बिबटे राहतात. २०१५ मध्ये कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात उद्यान आणि आसपासच्या भागात ३५ बिबटे आढळले होते.

जंगल कुठे संपतं आणि सेट कुठे सुरू होतो, हे बिबट्याला कसं कळणार? जुलै २०२३ मध्ये चित्रनगरीत एका मराठी मालिकेच्या सेटवर बिबट्या पिल्लासह शिरला होता. आपण लगेच म्हणतो, "बिबट्या सेटवर घुसला." पण आधी तिथे कोण राहत होतं?

'आजोबा'ची गोष्ट तुम्ही ऐकली आहे का? २००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला बाहेर काढलं, गळ्यात जीपीएस पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडलं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. महामार्ग, रेल्वेचे रूळ आणि वाटेतली खाडीसुद्धा पार करत, २९ दिवसांत सुमारे १२० किलोमीटर चालून तो या राष्ट्रीय उद्यानात आला. वाटेत त्याने एकाही माणसावर हल्ला केला नाही. २०११ मध्ये मात्र मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका वाहनाच्या धडकेने तो गेला. त्याच्यावर २०१४ मध्ये 'आजोबा' हा मराठी चित्रपट आला, त्यात उर्मिला मातोंडकर होती. मुलांसोबत नक्की बघा.

या भागातले वारली लोक वाघोबाला देव मानतात. त्याच्या वाटेला जायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. शिकायचं आहे ते आपल्याला.

सुट्टीत मुंबईला गेलात तर मुलांना इथे जरूर न्या. सोमवारी उद्यान बंद असतं. सकाळी लवकर निघा, पाण्याची बाटली आणि चांगले बूट घ्या. उरलेलं खाणं आणि वेफर्सची पाकिटं मात्र परत घरी आणा. कचऱ्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या वस्तीपर्यंत येतो. लहान मुलांना एकटं पुढे पळू देऊ नका आणि अंधार पडायच्या आत बाहेर पडा.

चामुंडी टेकडीच्या आसपास बिबट्या दिसल्याच्या बातम्या आपल्या म्हैसूरमध्येही येतातच की! तेव्हा पुढच्या वेळी पडद्यावर जंगल दिसलं की मुलांना एवढंच विचारा, "कॅमेरा बंद झाल्यावर तिथे कोण राहत असेल?"