शेअरांच्या भावांची वही

वर्तमानपत्रातील शेअरबाजाराच्या पानावर तांबड्या पेन्सिलीने खुणा करून ते भाव वहीत उतरवून ठेवणारे गृहस्थ एके काळी बहुतेक शहरांत आढळत. कंपनीचे नाव, शेअरांची संख्या, खरेदीचा भाव आणि आजचा भाव, एवढाच त्या वहीचा संसार. तिच्यात वेग नव्हता. पण दिवाळीच्या दिवशी लिहिलेला आकडा पुढच्या दिवाळीसही तोच राही. आज ही वही संगणकावर आली आहे. तिचा वेग विलक्षण आहे. मात्र तो जुना गुण तिच्यात आपोआप येत नाही, आणि ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात उशिरा येते.

संगणकावरील या वहीस स्प्रेडशीट म्हणतात. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँक्स्टन या दोघा अमेरिकनांची ‘व्हिजिकॅल्क’ बाजारात आली, तेव्हापासून तिचे मूळ तत्त्व बदललेले नाही. आडव्या ओळी आणि उभे रकाने यांच्या छेदाने घरे तयार होतात, आणि प्रत्येक घरात एकतर आकडा लिहावयाचा किंवा सूत्र. संख्येला भावाने गुणावे, असे सूत्र एका घरात एकदा लिहिले की भाव बदलताच किंमतही आपोआप बदलते. पुढे भाव हाताने लिहिण्याचे श्रमही वाचले. गूगलच्या शीट्समध्ये ‘गूगलफायनान्स’ नावाचे सूत्र आहे. त्यास बाजाराचे व शेअरचे सांकेतिक नाव दिले की भाव घरात येऊन बसतो. तो वीस मिनिटांपर्यंत मागचा असू शकतो. रोज सौदे करणाऱ्यास हे परवडणार नाही. पण दहा वर्षांच्या हिशेबाने शेअर घेणाऱ्यास त्या वीस मिनिटांचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही.

बाजार कोणता, हे मात्र आरंभीच ठरवावे लागते. इंदूर, वडोदरा, हैदराबाद येथेही पूर्वी स्वतंत्र शेअरबाजार होते. ते आता बंद झाले आहेत. मुंबईचा जुना शेअरबाजार आणि राष्ट्रीय शेअरबाजार या दोहोंत एकाच शेअरचा अखेरचा भाव थोडा वेगळा असू शकतो. कोणताही धरावा, पण आज एक आणि उद्या दुसरा असे करू नये.

आता मुख्य अडचणीकडे वळावयाचे. सूत्राने आणलेला भाव हा त्या क्षणापुरता असतो. ३१ मार्च रोजी एकूण किंमत पाहून गृहस्थ समाधानाने वही मिटतो. आठ दिवसांनी उघडतो तो त्याच घरात दुसराच आकडा बसलेला असतो, आणि पहिला कोठेही उरलेला नसतो. भाव आणणे आणि भाव साठवणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि सूत्र त्यांपैकी पहिलेच करते. शिवाय भाव पुरविणारा झरा आटणार नाही, याची हमी कोण देणार? २०१७ मध्ये याहूने भाव उतरवून घेण्याची आपली सोय बंद केली, तेव्हा तिच्यावर विसंबलेली असंख्य कोष्टके एका दिवसात निकामी झाली. ज्यांनी आकडे वेगळे लिहून ठेवले होते, त्यांचे मागचे तरी शाबूत राहिले.

उपाय साधा आहे. चालू भावांचे पान वेगळे ठेवावे आणि नोंदींचे वेगळे. बाजार मिटल्यावर चालू पानावरील आकडे नक्कल करून नोंदींच्या पानावर ‘केवळ मूल्य’ म्हणून चिकटवावेत, म्हणजे सूत्र मागे राहते आणि आकडा तेवढा उतरतो. प्रत्येक ओळीच्या आरंभी तारीख हवीच. हेच काम ठरल्या वेळी आपोआप करणारी छोटी आज्ञावलीही लिहिता येते. मात्र सूत्राने काढलेले जुने भाव गूगल अशा आज्ञावलीच्या हाती देत नाही, तेव्हा त्या त्या दिवसाचा भाव त्या त्या दिवशीच टिपणे बरे. पडताळ्यासाठी दोन्ही बाजार रोज सायंकाळी सर्व शेअरांचे भाव एका फाइलीत प्रसिद्ध करतात. दलालांच्या बोलीत तिला ‘भावकॉपी’ म्हणतात, आणि सूत्रापेक्षा तिची साक्ष अधिक पक्की.

साठवलेल्या भावांतही एक खोच आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयआरसीटीसीच्या दहा रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे दोन रुपयांचे पाच शेअर झाले. ज्याच्या वहीत संख्या जुनीच राहिली, त्यास आपली चारपंचमांश पुंजी बुडाल्याचे दिसले असणार! अशा वेळी जुने भाव खोडू नयेत. ज्या तारखेस संख्या पालटली त्या तारखेची नवी ओळ लिहावी. सूत्राने मागाहून मागवलेले जुने भाव बहुधा विभाजनाच्या हिशेबाने घटवलेले असतात आणि वहीतील भाव त्या दिवशीचे असतात. दोहोंचा मेळ बसत नाही, पण म्हणून कोणताच खोटा नसतो.

जुन्या आकड्यांची गरज केवळ हौसेपुरती नाही. २०१८ च्या अर्थसंकल्पाने नोंदणीकृत शेअरांवरील दीर्घ मुदतीच्या नफ्यावर पुन्हा कर बसविला, तेव्हा ३१ जानेवारी २०१८ पर्यंतची वाढ करमुक्त ठेवली. त्या दिवशीचा बाजारातील सर्वांत वरचा भाव त्यासाठी प्रमाण मानला जातो, अखेरचा नव्हे. समजा, १०० रुपयांस घेतलेल्या शेअरचा त्या दिवशीचा वरचा भाव ६०० होता आणि पुढे तो ९०० ला विकला, तर नफा ८०० नव्हे, ३०० धरला जातो. एका दिवसाच्या एका आकड्याचे हे मोल आहे.

कंपनीच नाहीशी झाली तर सूत्र घरात चुकीची खूण दाखवून मोकळे होते. १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी ही गृहकर्ज देणारी कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली आणि तिच्या दर २५ शेअरांमागे बँकेचे ४२ शेअर मिळाले. त्या ४२ शेअरांची खरेदीची किंमत म्हणून मूळ २५ शेअरांचीच किंमत धरली जाते; तेव्हा बाजारातून गेलेले ते नाव वहीतून पुसून चालत नाही. वडिलांमागे मुलाकडे आलेल्या शेअरांचेही असेच. वडिलांनी मोजलेली किंमत आणि त्यांच्या खरेदीची तारीख हीच करासाठी मुलाची ठरते, आणि ती सांगावयास वडील नसतात.

जुनी वही निदान कपाटात सापडे. ही नवी वही परवलीच्या शब्दाआड असते. वर्षातून एकदा, ३१ मार्चची नोंद झाल्यावर, नोंदींचे पान कागदावर छापून डीमॅट खात्याच्या कागदपत्रांत ठेवले आणि ते कोठे आहे हे घरातील एकास दाखवून ठेवले, म्हणजे काम झाले. तांबडी पेन्सिल त्यासाठी लागत नाही.