डावखुऱ्याने चाकू मिटून बघावा

घडीच्या चाकूला डावं-उजवं काही नसतं, असं बहुतेकांना वाटतं. कात्रीचं एकवेळ पटतं, तिची पाती एकमेकांवरून कशी सरकतात ते डोळ्यांना दिसतं. चाकू काय, एक पातं आणि एक मूठ. धरा कुठल्याही हातात. उघडलेल्या चाकूपुरतं हे बऱ्याच अंशी खरं आहे. भानगड आहे ती उघडताना, आणि त्याहून जास्त मिटताना.

स्विस आर्मी चाकू घ्या. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाखला आपला कारखाना सुरू केला आणि १८९७ मध्ये ‘अधिकाऱ्यांचा चाकू’ नोंदवला. आजचा लाल चाकू त्याच घराण्यातला. त्याच्या पात्यावर नख अडकवायला एक लांबट खाच असते, ती पात्याच्या एकाच अंगाला. उजवा माणूस मूठ डाव्या हातात धरतो, खाच त्याच्याकडे तोंड करून येते, उजव्या अंगठ्याचं नख तिच्यात बसतं आणि पातं बाहेर येतं. डावखुरा मूठ उजव्या हातात घेतो, तर खाच पलीकडच्या अंगाला गेलेली. अंगठ्याखाली नुसतं गुळगुळीत पोलाद. मग तो तर्जनीचं नख पलीकडून खाचेत घालतो, अलीकडून अंगठा टेकवतो आणि चिमटीने पातं ओढून काढतो. काम होतं, पण बघणाऱ्याला ते अवघडलेलं दिसतं आणि लगेच कुणीतरी म्हणतं, “आण इकडे, कापून घेशील.” डावखुरी माणसं हाताने धांदरट असतात हा आपल्याकडचा जुना समज आहे. चाकूपुरता तरी तो दोष हाताचा नाही, खाचेचा आहे.

आता दुसरं टोक: डावखुऱ्याने खास डावखुऱ्यांसाठी बनवलेलाच चाकू घ्यावा. तसे चाकू मिळतात. फ्रान्समधल्या साव्वा प्रांतात १८९० पासून बनणाऱ्या ओपिनेलचा आठ नंबरचा चाकू डावखुऱ्यांसाठीही येतो. त्यात वेगळं काय? खाच पात्याच्या दुसऱ्या अंगाला, एवढंच. पातं उघडं राहावं म्हणून मुठीच्या तोंडाशी बसवलेलं धातूचं कडं १९५५ पासून या चाकूला आहे, आणि ते दोन्ही हातांना सारखंच फिरतं.

ज्या चाकूंना खाचच लागत नाही, त्यांत हा प्रश्न उरत नाही. अमेरिकेतल्या स्पायडर्कोने १९८१ च्या आपल्या पहिल्या घडीच्या चाकूपासून पात्यात आरपार गोल भोक ठेवलं. भोक आरपार असल्याने कुठलाही अंगठा त्यात बसतो. पात्याच्या दोन्ही अंगांना छोटी खुंटी असली किंवा तर्जनीने ढकलायला मागे शेपूट असलं, तरी तेच. इथपर्यंत ठीक. पण इथूनच सगळ्यात घातक गैरसमज सुरू होतो: डाव्या हाताने उघडला, म्हणजे डाव्या हाताला चालतो. दुकानदारही तेच सांगतात, कारण दुकानात चाकू उघडूनच दाखवला जातो.

उघडलेलं पातं आपोआप मिटू नये म्हणून आतून अडवलेलं असतं. आजच्या कितीतरी चाकूंत हे काम मुठीच्या आतली पत्र्याची स्प्रिंग करते. तिला लायनर लॉक म्हणतात. ती मुठीच्या एका बाजूने आत झुकून पात्याच्या बुडाला टेकते. मिटताना तिला बाजूला सारावं लागतं. उजव्या हातात चाकू धार वर करून धरला की अंगठा त्या पट्टीला आपल्यापासून लांब ढकलतो. सरळ, जोराची, सोपी हालचाल. डाव्या हातात अंगठा विरुद्ध बाजूने येतो. आता तीच पट्टी त्याला आपल्याकडे ओढावी लागते. त्यासाठी तो वाकवून मुठीच्या खोबणीत घालायचा, आणि त्याच खोबणीत पातं येऊन बसणार असतं. अनोळखी चाकू घाईत मिटताना बोट कापायची वेळ येते ती इथे.

उपाय अवघड नाही. अंगठ्याऐवजी तर्जनीच्या टोकाने पट्टी ढकलायची. तर्जनी पलीकडून येत असल्याने तिच्यासाठी ती पुन्हा ढकलण्याचीच हालचाल होते. पट्टी सुटून पातं जरासं कलंडलं की तर्जनी काढून घ्यायची आणि पातं दुसऱ्या हाताने, पाठीवर दाबून मिटायचं. एका हाताने झटक्यात मिटण्याची हौस सवय होईपर्यंत बाजूला ठेवावी. मुठीचीच एक बाजू पट्टीचं काम करते त्या फ्रेम लॉकलाही हेच लागू. ख्रिस रीव्ह यांच्या ‘सेबेंझा’ या फ्रेम लॉकच्या चाकूची डावखुऱ्यांसाठी वेगळी आवृत्ती निघते, आणि तिथे ती खरोखर वेगळी असते: कुलपाची बाजूच बदललेली असते.

मला विचाराल तर डावखुऱ्याने कुलूप मुठीच्या पाठीवर, बरोबर मध्यावर असलेला चाकू घ्यावा. बक कंपनीचा १९६४ पासूनचा ११० नंबर या जातीचा. पाठीवरची कळ दाबली की पातं सुटतं, आणि कळीला डावं-उजवं नसतं. बेंचमेडच्या ॲक्सिस लॉकसारखी आडवी दांडी दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली असते, तीही तितकीच निःपक्षपाती. खोक्यावर ‘दोन्ही हातांसाठी’ लिहिलेलं असलं तरी त्यावर जाऊ नये. पुष्कळदा त्याचा अर्थ इतकाच असतो की खिशाला अडकवायची क्लिप दुसऱ्या बाजूला बसवता येते.

धारेबद्दल मात्र उलटी गंमत आहे. साध्या घडीच्या चाकूला दोन्ही अंगांनी उतार देऊन धार लावलेली असते, तिथे हाताचा संबंध नाही. एकाच अंगाने घासलेलं पातं मात्र कापताना सपाट अंगाकडे सरकतं. म्हणून जपानी साशिमीचा चाकू उजव्या माणसासाठी उजव्या अंगाने घासतात आणि डावखुऱ्यांना वेगळा घ्यावा लागतो. पण अर्नेस्ट एमर्सन यांच्या एकांगी धारेच्या घडीच्या चाकूंना उतार डाव्या अंगाला, म्हणजे दर्शनी बाजूला दिलेला असतो. कापण्याच्या हिशेबाने ती डावखुऱ्यांची धार! उजव्या हातांसाठी बनलेल्या वस्तूत डावखुऱ्याला असं घबाड सहसा मिळत नाही. दातेरी पात्यांतही दाते बहुधा एकाच अंगाने पाडलेले असतात. नख अलगद फिरवून उतार कुठल्या अंगाला आहे ते बघावं, म्हणजे पावाची चकती एका बाजूला जाड का निघते ते कळेल.

स्विस चाकूतल्या बुचाच्या स्क्रूचं थोडक्यात: तो घड्याळाच्या दिशेने आत जातो. उजव्या मनगटाची ती ताकदीची दिशा, डाव्याची कमजोर. डावखुऱ्याने तो उजव्या हाताने फिरवावा, त्यात कमीपणा नाही.

घरात डावखुरं मूल असेल आणि उजव्या माणसाने त्याला चाकू शिकवायचा असेल, तर शेजारी न बसता समोर बसावं. मुलाला आपली हालचाल आरशातल्यासारखी दिसते आणि त्याला ती मनातल्या मनात उलटवावी लागत नाही. सुरुवात उघडण्यापासून नको. उघडा चाकू हातात द्यावा आणि आधी मिटायला शिकवावं.