कंठ फुटण्याचे वय

डिसेंबर लागला की शाळांच्या फलकावरचा मजकूर बदलतो. सुवाच्य अक्षराचा एखादा मुलगा खडूने लिहितो : थंडीमुळे उद्यापासून शाळा उशिरा भरेल, सहामाहीच्या उत्तरपत्रिका शनिवारी दाखविण्यात येतील, सहलीचे पैसे वर्गशिक्षकांकडे द्यावेत, संमेलनातील गाण्यांसाठी मधल्या सुट्टीत नावे नोंदवावीत. गेल्या हिवाळ्यात बऱ्हाणपूरच्या एका शाळेच्या ओसरीवर मी हाच फलक वाचीत उभा होतो. संमेलनाची गाणी बसवून देण्यासाठी तेथल्या एका स्नेही शिक्षकांनी मला इंदूरहून बोलावले होते. शाळेचे नाव येथे देत नाही. कारण पुढे जी चूक सांगावयाची आहे ती काही त्या एका शाळेची नव्हे. माझ्या हातूनही ती एकदा घडलेली आहे.

आपल्या मध्य प्रदेशात माध्यमिक शाळा म्हणजे सहावी, सातवी आणि आठवी. खाली प्राथमिकचा गलबला, वर हायस्कुलाचा रुबाब, आणि मध्ये ही तीन वर्षे. सहावीत आलेले पोर चिमणीसारखे बोलते. आठवीतून बाहेर पडते तेव्हा त्याच्या ओठावर लव असते आणि सदरा आखूड झालेला असतो. इतकी मोठी घडामोड ज्या तीन वर्षांत होते त्यांच्याकडे आपण मात्र मधले स्टेशन म्हणून पाहतो.

बऱ्हाणपूर हे गावही असेच मधले, उंबरठ्यावरचे. असीरगडाचा डोंगर मागे टाकला की तापीचे खोरे लागते. पाठीशी निमाड, समोर रावेर-भुसावळचा खानदेश. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर हे शहर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मध्य प्रदेशातच राहिले आणि १५ ऑगस्ट २००३ रोजी स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. केळीच्या बागा आणि यंत्रमाग यांवर गाव जगते. वर्गातल्या चाळीस मुलांत मराठी, निमाडी, उर्दू, गुजराती अशा निरनिराळ्या घरांतली मुले असतात, आणि अंगणात सगळ्यांची हिंदी एक होते. आजी मराठीत रागावते, आई निम्म्या मराठीत समजावते, आणि नातू हिंदीत उत्तर देतो. आपल्या माळव्यातल्या जुन्या मराठी घरांना हे चित्र अनोळखी नाही.

हिवाळ्यातली ती शाळा पाहण्यासारखी असते. सकाळी तापीवर धुके असते आणि मुले स्वेटरच्या बाह्यांत हात लपवून येतात. पहिले दोन तास गुरुजी वर्गच अंगणातल्या उन्हात आणून बसवितात. १२ जानेवारीला, विवेकानंद जयंतीस, राज्यभर सामूहिक सूर्यनमस्कार होतात. त्याची तालीम त्याच अंगणात चालते. आठवीच्या मुलांच्या डोक्यावर परीक्षेचे ओझे जास्त, कारण २०२३ पासून पाचवीची आणि आठवीची परीक्षा पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर होऊ लागली आहे. या सगळ्या गडबडीत गाण्याच्या वाट्याला मधली सुट्टी आणि शेवटचा अर्धा तास.

गाणे भूप रागातले, साधे स्वागतगीत होते. लयीच्या बाबतीत मला तेथे काहीच शिकवावे लागले नाही. मागाच्या गल्लीत वाढलेले पोर जन्मल्यापासून एका चालीतली खटखट ऐकत असते. त्याची टाळी घसरत नाही. अडचण आली ती सुरांची. पेटी काळी चारला धरली होती. मुली आणि सहावीची मुले अंतऱ्यात तार षड्जाच्या वर सहज जात. पण आठवीच्या रांगेतून मध्येच एखादा स्वर चिरकायचा, सारी रांग खिदळायची आणि गाणे थांबायचे.

त्या रांगेच्या अगदी टोकाला एक मुलगा उभा असे. त्याचे ओठ हलत, आवाज मात्र नसे. चौकशी केली तेव्हा कळले की सहावीत आणि सातवीत शाळेची प्रार्थना तोच सांगे. दिवाळीनंतर त्याचा आवाज बदलला. गाण्याची जबाबदारी असलेल्या बाईंनी त्याला रांगेतून काढले नाही. त्याला वाईट वाटेल म्हणून प्रेमाने सांगितले, ‘‘उभा राहा रे बाळा, नुसते ओठ हलव.’’ मी त्याला एकट्याला गाठून विचारले. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, ‘‘सर, मेरी आवाज फट गई.’’

वाचकहो, ते ऐकताना मी शरमलो. शिक्षकी धरल्याच्या पहिल्याच वर्षी मी एका मुलास हाच सल्ला दिला होता, आणि याच शब्दांत. पुढे बऱ्याच वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत तो भेटला. चांगल्या नोकरीत होता. हसत हसत म्हणाला, ‘‘सर, तेव्हापासून पुन्हा गायलो नाही बघा. आरतीलासुद्धा नुसते ओठच हलवतो.’’ तो हसला; मला मात्र पुढचा घास गोड लागला नाही.

या वयात गळ्यात होते तरी काय? साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान मुलाचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते. आतल्या स्वरतंतूंची लांबी आणि जाडी वाढते, आणि सतारीची जाड तार जशी खालच्या सुरात बोलते तसा गळाही खाली उतरतो. मुलाचा आवाज सुमारे एक सप्तक खाली येतो. मुलींचाही उतरतो, पण दोनतीन स्वरच, म्हणून तो कोणाच्या ध्यानात येत नाही. हे काम काही महिने, कधी वर्षाहूनही अधिक चालते. वाद्य रोज बदलत असते आणि वाजविणाऱ्याला त्याची सवय झालेली नसते. म्हणून स्वर घसरतो, चिरकतो. हा आजार नव्हे, गळ्याची वाढ आहे.

याबाबतीत जगाने दोन वाटा धरलेल्या दिसतात. एक वाट मुलाला बाहेर काढण्याची. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन चर्चमधल्या गायक मुलांत हायडन होता. पुढे युरोपातल्या थोर संगीतकारांत ज्याची गणना झाली, त्याला आवाज बदलल्यावर, १७४९ च्या सुमारास, तेथून निघावे लागले. दुसरी वाट अमेरिकेतल्या जॉन कुक्सी या शिक्षकाने १९७० नंतरच्या दशकात आग्रहाने मांडली. बदल टप्प्याटप्प्याने होतो, प्रत्येक टप्प्यावर मुलाच्या गळ्यात काही स्वर सुखाने लागतात. तेवढेच त्याला गाऊ द्यावेत, पण गाणे बंद करू नये, असे त्याचे म्हणणे.

आमच्या घरी तिसरीच वाट होती. माझे वडील संस्थानाच्या अखेरच्या दिवसांत, ऐन पोरवयात, दरबारच्या गवयांत दाखल झालेले. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. माझा आवाज बदलला तेव्हा त्यांनी माझ्या हाती तंबोरा दिला आणि म्हणाले, ‘‘आता काही दिवस तू गाऊ नकोस, पण बैठक सोडू नकोस. ऐक.’’ त्या दिवसांत मी जितके ऐकले तितके पुढे कधी ऐकले नाही. आपल्या शेजारच्या देवासात याहून मोठे उदाहरण आहे. १९४८ मध्ये कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन तेथे आले. काही वर्षे गाणे बंद होते, पण कान उघडा होता. माळव्यातली लोकगीते त्यांनी त्या काळात ऐकली, आणि पुढे गळा खुला झाला तेव्हा ते गाणे निराळेच होते. गप्प राहणे आणि बाजूला पडणे या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. तंबोरा हाती असलेला मुलगा गप्प असतो, पण गाण्यात असतो. ओठ हलविणारा मुलगा रांगेत असतो, पण गाण्यात नसतो.

एके दिवशी त्या मुलाचा डबा घेऊन त्याची आजी आली. माहेर रावेरकडचे; नऊवारी नेसलेली, डोक्यावरून पदर. मी विषय काढला तसे म्हातारीने हात झटकला. ‘‘त्यात काय एवढं, मास्तर? कंठ फुटलाय पोराला! पोपटाला नाही का फुटत?’’

इतका वेळ ज्यावर मी डोके खाजवीत होतो त्याचे उत्तर त्या एका शब्दात होते. मुलगा हिंदीत म्हणाला, आवाज फाटला. इंग्रजीतही आवाज मोडला असेच म्हणतात. आपली मराठी म्हणते, कंठ फुटला. काच फुटते, घागर फुटते हे खरे; पण पालवीही फुटते, अंकुरही फुटतो, आईला पान्हा फुटतो आणि पहाटे तांबडे फुटते. पोपटाच्या पिल्लाच्या मानेवर कडे उमटते त्यालाही आपण कंठ फुटणे म्हणतो. ज्या गोष्टीची मुलाला लाज वाटत होती तीच आजीच्या भाषेत कौतुकाची होती. मुलाला हा शब्द ठाऊकच नव्हता. घरातली भाषा नातवापर्यंत पोहोचली नाही म्हणजे काय हरवते, असे कोणी विचारले तर मी आता हेच उदाहरण देतो. म्हणी आणि ओव्या तर हरवतातच. पण अडचणीच्या वेळी पाठीवरून हात फिरवावा असा शब्दही हरवतो.

त्याच आठवड्यात सहल निघाली. लांब नव्हे, गावातल्या गावातच. आपल्या गावाची वास्तू गावची मुले पाहत नाहीत म्हणून. जामा मशिदीत फारुकी सुलतान आदिलशहाच्या वेळचा १५९० चा शिलालेख आहे. वर अरबी आणि खाली संस्कृत, देवनागरी अक्षरांत. एकाच भिंतीवर दोन भाषा शेजारी बसलेल्या पाहून मुलांना मोठी मौज वाटली. उर्दू घरातल्या मुलांनी वरच्या ओळींवर बोट ठेवले, बाकीच्यांनी खालच्या. अक्षरे दोघांना लागली, अर्थ कोणालाच लागला नाही.

तेथून कुंडी भंडारा. अब्दुर्रहीम खानखानाच्या अमलात, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या भुयारातून शहराकडे आणले. वर विहिरींसारख्या शंभरेक कुंड्या, खाली उतारावरून आपोआप वाहणारे पाणी. मुले एकेका कुंडीत तोंड घालून हाका मारू लागली. बारीक आवाज वरच्या वर विरून जात होते. मी त्या मुलाला म्हटले, ‘‘नव्या आवाजात खालचा सा लाव पाहू.’’ आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्याने भीत भीत षड्ज लावला. कुंडीने तो घेतला, भरून काढला आणि गडगडत परत दिला. पोर दचकले, मग हसले. पुन्हा लावला. मग आणखी दोघे आठवीतले आले आणि आपापले जाडे आवाज घालून पाहू लागले. त्या दिवशी कोणी कोणाला खिदळले नाही.

परतल्यावर गाण्याची मांडणी बदलली. उपाय अगदी साधा आहे. कोणत्याही शाळेत करता येईल म्हणून सांगतो. पेटी मुलींच्या सोयीने जेथे होती तेथेच ठेवली. अंतरा मुली आणि सहावीची मुले यांच्याकडे. ध्रुवपद मध्य षड्जापासून धैवतापर्यंतच फिरत होते. ते सातवी-आठवीच्या मुलांकडे. ज्यांचा आवाज पुरता उतरला होता त्या तिघांना शब्द नाहीत. गाणे सुरू होण्याआधी त्यांनी खालचा षड्ज धरावयाचा आणि कडव्यांच्या मधल्या जागी पुन्हा धरावयाचा, तंबोऱ्यासारखा. ओठ हलविण्याचे काम कोणालाच दिले नाही. बाईंना मी माझी पंगतीतली गोष्ट सांगितली. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच त्या तिघांना मागच्या रांगेतून काढून पेटीच्या शेजारी उभे केले.

संमेलनाच्या संध्याकाळी गारठा होता. पालक शाली-मफलर गुंडाळून बसले होते. पडदा सरकला, आणि गाण्याआधी तीन मुलांचा षड्ज उठला. फार सुरेल होता असे मी म्हणणार नाही. एकाचा थोडा उतरलाच. पण तो खरा होता, आणि त्यावर मुलींचा आवाज चढला तेव्हा तो आधार सगळ्यांनाच जाणवला. समोर पहिल्या रांगेत जमिनीवर आजी बसल्या होत्या. शेजारणीला कोपराने ढोसून काहीतरी म्हणाल्या. त्यांचे शब्द मला ऐकू आले नाहीत, पण काय म्हणाल्या असतील ते मी ओळखले.

आता पुन्हा थंडी आहे, आणि आपल्याही गावांतल्या शाळांतून संमेलनाच्या तालमी चालू असतील. आपल्या घरातला एखादा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा आरतीच्या वेळी मागे सरकत असेल, तर त्याला हसू नका आणि गप्पही बसवू नका. त्याला खालचा षड्ज द्या. आणि त्याच्या गळ्याला काय झाले आहे ते त्याच्या आजीच्या शब्दांत सांगा.